दोन फुटी टाकी आणि थव्याने राहणारे छोटे मासे: आमचं कुठे चुकतंय?

ओवीची_आई | २ मार्च, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचते आहे, आज मदत हवी म्हणून पहिल्यांदा धागा काढते.

आम्ही पुण्यात वाघोलीला राहतो. दिवाळीत लेकीसाठी फिश टँक घेतला. ओवी तिसरीत आहे. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. दुकानदाराने काठावर टांगायचा हँग-ऑन फिल्टर, रंगीत खडे, प्लास्टिकची झाडं दिली आणि मासेही त्याच दिवशी बरोबर दिले: ४ निऑन टेट्रा, २ एंजल, २ ब्लॅक विडो, २ झेब्रा आणि काच साफ करायला १ सकर. दहा दिवसांत चारही निऑन गेले. पुन्हा ४ आणले, तेही पंधरवड्यात गेले. मागच्या आठवड्यात एक झेब्रा गेला. उरलेला झेब्रा दिवसभर फिल्टरच्या मागे असतो.

ओवीला हवे होते ते तिच्या मावशीकडे पाहिलेले मासे. वीस-पंचवीस एकदम वळतात, एकदम थांबतात. आमच्याकडे तसं एकदाही झालं नाही. आता सकाळी उठल्यावर ती टाकीपाशी जात नाही, आधी मला बघून यायला सांगते. त्याचंच फार वाईट वाटतं.

आम्ही निगा राखतो. महिन्यातून एकदा मासे बादलीत काढून टाकी, खडे, फिल्टर, सगळं घासूनपुसून स्वच्छ करतो. दुकानदाराने दिलेलं निळं औषध आणि खडेमीठही घालतो. कुठे चुकतंय ते स्पष्ट सांगा.

रानफूल | २ मार्च, रात्री १०:५०

आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. शेवटी टाकी माळ्यावर गेली. वाचते आहे.

पाणथळ | ३ मार्च, सकाळी ७:३०

ताई, उत्तर देण्याआधी चार गोष्टी सांगा. पाणी महापालिकेचं की टँकरचं? टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, किती? फिल्टर चोवीस तास चालू असतो का? दिवसातून किती वेळा खायला घालता?

ओवीची_आई | ३ मार्च, दुपारी १:०५

पाणी बहुतेक टँकरचंच, म्हणजे बोअरचं. स्वयंपाकघरातल्या मीटरवर ६४० दाखवतं. फिल्टरचा आवाज होतो आणि टाकी हॉलमध्ये आहे, सासूबाई तिथेच झोपतात, म्हणून रात्री दहाला बंद करून सकाळी सातला लावतो. खायला सकाळ, दुपार, संध्याकाळ. दुपारचं ओवी घालते, शाळेतून आल्यावर.

पाणथळ | ३ मार्च, रात्री ९:४०

स्पष्ट सांगा म्हणालात म्हणून सांगतो. तुमची निगा कमी पडली नाही. ज्या स्वच्छतेची माशांना गरज नव्हती ती तुम्ही मनापासून केलीत. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं आणि किती मासे गमावले ते आठवत नाही. गेली अठरा वर्षं ठाण्यात चार टाक्या सांभाळतो आहे, त्या अनुभवावर लिहितो.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजून आणखी तयार होतो. अमोनिया विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सौम्य, ते आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातं, झाडंही वापरतात. ही साखळी बसायला नव्या टाकीत चार ते सहा आठवडे लागतात. ह्यालाच आपण टाकी सायकल होणं म्हणतो. तुमचे मासे पहिल्याच दिवशी आले तेव्हा टाकीत त्यांची घाण पचवणारं कोणीच नव्हतं.

हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते फिल्टरमधल्या स्पंजात, खड्यांवर, काचेवर बुळबुळीत थर करून राहतात. तो थर तुम्ही दर महिन्याला घासून काढता आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. रात्रीचं फिल्टर बंद करणंही तसंच. ह्या जिवाणूंना सतत प्राणवायूचं पाणी लागतं. नऊ तास पाणी थांबलं की फिल्टरच्या आतले बरेच मरतात, आणि सकाळी बटण दाबलं की आत साचलेलं नासकं पाणी टाकीत येतं. आवाजाचा त्रास असेल तर स्पंज फिल्टर आणि चांगला एअर पंप घ्या. पंप टाकीपेक्षा उंच ठेवा, म्हणजे वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येत नाही. पंपाखाली जाड फडकं घातलं की हॉलमध्ये झोपता येतं. माझी आई झोपायची.

आता बोअरच्या पाण्याचा मुद्दा. तुमचं पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, बहुधा ८ च्या वर असणार. अमोनियाचा जो भाग खरा घातक असतो तो ७ पीएचच्या पाण्यात शेकडा एकसुद्धा नसतो. ८.२ पीएच आणि २८ अंशांना तो शेकडा दहाच्या आसपास जातो. म्हणजे तेवढाच अमोनिया मऊ पाण्यात मासा सहन करेल आणि तुमच्याकडे मरेल. निऑन आधीच दक्षिण अमेरिकेतल्या मऊ, आम्लधर्मी ओढ्यांतला मासा. दुकानातले निऑन बहुतेक आग्नेय आशियातल्या शेतांवर वाढवलेले, पिशव्यांमधून लांबचा प्रवास करून आलेले. थकून आलेल्या माशाला असं पाणी मिळालं की तो टिकत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, संख्या. ओवीला जे एकदम वळणं हवंय ते चार माशांत कधीच दिसणार नाही. ह्या माशांचं धैर्यच संख्येत असतं. दहा-बारा असले की शिकारी एकावर नजर धरू शकत नाही आणि हे त्यांना उपजत माहीत असतं. चार असले तर प्रत्येक मासा आपल्यालाच धरणार ह्या भीतीत जगतो. कोपऱ्यात बसतो, रंग उडतो, खात नाही, आजार पटकन जडतो. थोडे असले तर काही जाती एकमेकांचे पर कुरतडायला लागतात. तुमचे दोन विडो एंजलचे लांब पर कुरतडत असतील, नीट बघा. एंजल मोठे झाले की निऑन गिळतात, निसर्गातही तेच करतात. सकर म्हणाल तर तो फूटभराहून मोठा होतो आणि त्याची विष्ठा साऱ्या टाकीला पुरते.

दुकानात "प्रत्येकी दोन-दोन" घेणं ही आपल्याकडची फार जुनी सवय. जोडी असावी असं वाटतं आपल्याला. थव्याच्या माशाला जोडी नको असते, गर्दी हवी असते. ह्या टाकीत एकच जात घ्या आणि बारा घ्या.

निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, आणि मीठ मुख्य टाकीत विनाकारण घालू नका. मिथिलीन ब्लूने जिवाणूही मरतात.

अप्पा_सातारा | ४ मार्च, सकाळी ६:२०

पाणथळ, माहिती चांगली आहे, पण मला पूर्ण पटत नाही. आमच्या वाड्यात हौद होता. वडिलांपासून मासे आहेत, चाळीस वर्षं तरी झाली. दर चार-पाच दिवसांनी निम्म्याहून जास्त पाणी झाडांना घालायचं आणि नवं सोडायचं. सायकल वगैरे कोणाला माहीत नव्हतं. मासे दहा-दहा वर्षं जगले.

पाणथळ | ४ मार्च, सकाळी ८:१५

अप्पा, तुमचा हौद मला मान्य आहे. एकच विचारतो. हौदाच्या भिंतीवरचं शेवाळ कधी घासलंत का? आणि पाणी कुठलं होतं?

अप्पा_सातारा | ४ मार्च, सकाळी ८:४०

शेवाळ कधीच नाही. वडील हात लावू देत नसत, मासे ते खातात म्हणायचे. पाणी आडाचं. असं असेल तर तुमचंच म्हणणं माझ्या हौदात चाललं होतं म्हणायचं. शेवाळाच्या भिंती हाच आमचा फिल्टर. ताई, मग यांचंच ऐका. पण खाणं कमी करा हे माझ्याकडूनही घ्या. आम्ही दिवसातून एकदाच घालायचो, एकादशीला अजिबात नाही.

पाणथळ | ४ मार्च, सकाळी ९:००

एकादशीचा उपास उत्तम. मीही आठवड्यात एक दिवस उपाशी ठेवतो.

वऱ्हाडी_माणूस | ४ मार्च, दुपारी ३:३०

मी अमरावतीचा. तुम्ही मार्चमध्ये सुरुवात करून राहिल्या म्हणून उन्हाळ्याचं आत्ताच सांगून ठेवतो. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असते, टाकीतलं पाणी दुपारी ३३-३४ ला जाते. निऑनला २६ च्या वर नको. मी सलग दोन उन्हाळे निऑन ठेवले अन् दोन्ही वेळा जूनपर्यंत एकही उरला नाही. तिसऱ्या वेळेस आणले नाहीत. आपल्या हौसेसाठी दरवर्षी बारा जीव मारणं मला जमलं नाही.

गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलीग्रॅमच्या आसपास, ३२ ला सव्वासात. अन् त्याच वेळेस माशाला जास्त लागतो, कारण त्याच्या अंगाचं काम जोरात चालू असते. म्हणून पहाटे मासे वरती येऊन तोंड उघडताना दिसतात.

मी काय करतो: काचेचं झाकण काढून बारीक जाळी बसवतो, पाण्यावर तिरका छोटा पंखा सोडतो. बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरते. पाणी रोज कमी होते, ते भरताना आरओचं भरतो, कारण उडते ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. बोअरचंच भरत गेलं तर टीडीएस चढत जाते. बर्फाचे तुकडे टाकू नका बाप्पा, एकदम चार अंश पडले की मासा आजारी पडते. लोडशेडिंगसाठी बॅटरीवरचा एअर पंप घरात पाहिजेच, दोन-चारशे रुपयांत येते.

शेवाळ | ५ मार्च, सकाळी ११:१०

कुडाळहून. पाणथळ यांनी झाडांवर एकच वाक्य लिहिलं, म्हणून मी सविस्तर लिहितो. छोट्या थव्याच्या माशांना झाडं म्हणजे घराच्या भिंती. लपायला जागा असली की ते कमी लपतात. उलटं वाटेल, पण असंच आहे. मोकळ्या टाकीत मासा कोपरा सोडत नाही, आणि मागे दाट झाडी असली की पुढे मोकळ्यात येऊन पोहतो, कारण पळायला जागा आहे हे त्याला ठाऊक असतं.

ताई, तुमच्या जड पाण्यात व्हॅलिस्नेरिया मस्त येईल, लांब फितीसारखी पानं असतात. हायड्रिला येईल. जावा मॉस दगडाला दोऱ्याने बांधा. आणि ब्राह्मी. कुंडीत लावतो तीच, पाण्याखाली सरळ वाढते. ओवीला स्वतः लावू द्या. दिवा सहा ते आठ तास पुरे, जास्त ठेवला तर काचेवर हिरवं चढतं.

तळ्यातून, ओढ्यातून झाडं आणलीत तर चतुराच्या अळ्या बरोबर येतात. चतुर उडताना गोड दिसतो, त्याची अळी पाण्यात असते आणि छोटे मासे पकडून खाते. मी तीन गमावल्यावर कळलं. झाडं आधी तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवून स्वच्छ धुऊन घ्या.

देशी बदामाची पानं सगळ्यांना माहीत असतील, रस्त्याकडेच्या झाडांची, थंडीत लाल होऊन गळतात ती. सुकलेलं पान धुऊन टाकीत सोडलं की पाणी चहासारखं होतं आणि मासे शांत होतात. जगभरचे हौशी लोक ही पानं पाकिटातून विकत घेतात, आपल्याकडे ती झाडूने गोळा होतात. पण ६४० टीडीएसच्या पाण्याचं पीएच ह्या पानांनी उतरेल अशी आशा धरू नका. क्षार इतके आहेत की पानाचं आम्ल पुरणार नाही.

घाटवाट | ५ मार्च, रात्री ८:२५

एक वेगळा प्रश्न. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतही थव्याने राहणारे सुंदर मासे आहेत. ते का ठेवू नयेत? पाणी, हवा, सगळं त्यांच्या ओळखीचं.

शेवाळ | ५ मार्च, रात्री ९:५०

घाटवाट, मला हा प्रश्न फार जवळचा आहे. काही जाती टाकीत सुरेख राहतात. पण ओढ्यातून पकडून आणायला माझा ठाम विरोध आहे. आपले पुष्कळ मासे एकेका नदीच्या खोऱ्यापुरतेच असतात. सेटनाई बार्ब घ्या. छापगर आणि साने यांनी १९९२ मध्ये गोव्यातून त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. गोवा आणि लगतच्या कर्नाटकात मिळतो, बस्स. अशा माशाच्या एका ओढ्यात चार जाळी पडली तर तिथे उरतं काय?

डेनिसन बार्बचं हेच झालं. केरळ-कर्नाटकातल्या नद्यांतला तांबडी-काळी रेघ असलेला देखणा मासा, बाजारात त्याला मिस केरळ म्हणतात. परदेशात मागणी आली, नद्यांतून वारेमाप पकडला गेला आणि संकटग्रस्त यादीत गेला. २०१३ मध्ये संशोधकांनी त्याच्या गटाला सह्याद्रिया हे नाव दिलं, त्या संशोधकांत पुण्याच्या आयसर ह्या विज्ञान संस्थेतलेही होते. ज्याच्या नावात सह्याद्री आहे तो सह्याद्रीतून जाऊ नये. शिवाय तो जवळजवळ अर्धा फूट वाढतो, दोन फुटी टाकी त्याचं घर नाही.

आणि टाकीतले मासे नदीत सोडू नका. सकर आज आपल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरलेत, ते कोणीतरी आपल्यासारख्यानेच दया म्हणून सोडलेले होते.

चेन्नईत_मराठी | ६ मार्च, सकाळी १०:००

शेवाळ, नदीतून पकडलेला प्रत्येक मासा म्हणजे नदीचं नुकसान असं सरसकट म्हणता येणार नाही. ब्राझीलमध्ये रिओ नेग्रो नदीवर बार्सेलोस नावाचं गाव आहे. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या हातजाळ्यांनी कार्डिनल टेट्रा पकडतात. दर पावसाळ्यात जंगलात पाणी शिरतं, ओसरताना कोट्यवधी मासे तसेही मरतात. माशांवर पोट असल्यामुळे लोक जंगल राखतात. वर्षातून एकदा तिथे शोभेच्या माशांचा उत्सवही भरतो.

बाकी आपल्या बाजारातले बहुतेक मासे पैदास केलेलेच असतात. इथे चेन्नईत कोळत्तूर भागात घरोघरी सिमेंटच्या टाक्यांत मासे वाढवतात. तिथे हिंडताना एक शिकलो: दुकानात जाऊन पहिला प्रश्न "केवढ्याला?" न विचारता "माल कधी आला?" असा विचारा. आठवड्याच्या आतला असेल तर घेऊ नका. आणि समोर खायला घालायला सांगा. जो थवा खायला धावतो तोच घ्या. त्या टाकीत एक जरी मेलेला किंवा अंगावर रव्याचे दाणे चिकटल्यासारखा मासा दिसला तरी त्या टाकीतलं काहीच नको.

इंजेक्शनने रंग भरलेले मासेही घेऊ नका. आपल्याकडचा पारदर्शक ग्लासफिश आणि पांढरे विडो यांना सुईने गुलाबी-निळा रंग टोचतात. कित्येक त्यातच मरतात, उरलेल्यांचा रंग काही महिन्यांत उतरतो. आपण घेतले नाहीत तर टोचणार नाहीत.

शेवाळ | ६ मार्च, दुपारी १२:३०

बार्सेलोसचं मान्य. जिथे पूर येऊन मासे कोट्यवधींनी असतात आणि पकडणारे तिथलेच असतात, तिथला हिशेब वेगळा. आपल्या ओढ्यांना तो लागू नाही एवढंच माझं म्हणणं.

रेरिओ | ६ मार्च, रात्री ११:१५

मी पुण्यातच राहते. काही वर्षं झेब्राफिशच्या प्रयोगशाळेत काम केलंय, आणि ताई, तुमचा फिल्टरमागचा एकटा झेब्रा डोक्यातून जात नाही म्हणून लिहिते आहे.

निऑनचा विचार सोडा, झेब्रा घ्या. स्वस्त असतो म्हणून लोक त्याला सुरुवातीचा मासा समजून पुढे जातात. हा आपला मासा आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर काम करताना फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याचं वर्णन केलं. संथ ओहोळांत, भातखाचरांच्या कडेला राहतो. हिवाळ्यातलं गार आणि उन्हाळ्यातलं कढत पाणी दोन्ही त्याने पाहिलेलं असतं. वऱ्हाडी_माणूस म्हणतात त्या उन्हाळ्यात तग धरेल असा थव्याचा छोटा मासा मला तरी दुसरा माहीत नाही. प्रयोगशाळेत आम्ही त्यांना २८.५ अंशांवर ठेवायचो. तुमचं जड पाणीही तो मानवून घेईल.

जगभर हजारो प्रयोगशाळांत हा मासा आहे, पुण्यात आघारकर संशोधन संस्थेतही आहे. कारण त्याचा गर्भ पारदर्शक असतो. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली हृदय धडधडताना दिसतं. मोठ्या माशाच्या हृदयाचा तुकडा काढला तरी ते पुन्हा भरून येतं, आपल्याला हे जमत नाही.

थव्याबद्दल पाहिलेलं सांगते. एकटा झेब्रा नव्या टाकीत सोडला की तळाशी जाऊन गोठतो. शेजारी काचेपलीकडे त्याचे सोबती नुसते दिसले तरी लवकर सावरतो. आणि हे मासे सोबती पट्ट्यांवरून ओळखतात. लहानपणी ज्या नक्षीच्या माशांत वाढले, तसल्याच नक्षीच्या माशांजवळ पुढे जातात. म्हणजे दोन झेब्रा, चार निऑन, दोन विडो हा आपल्याला थवा दिसतो, त्यांना ती अनोळखी माणसांनी भरलेली खोली वाटते.

एकदम वळणं कसं होतं ते ओवीला सांगा. माशाच्या दोन्ही बाजूंना अंगभर एक रेषा असते, तिच्यात बारीक संवेदक असतात. शेजारचा हलला की पाण्याचा धक्का तिथे कळतो. डोळे आणि ही रेषा मिळून प्रत्येक मासा फक्त जवळच्यांकडे लक्ष ठेवतो. पुढारी कोणी नसतो.

दोन फूट लांबी झेब्राला कमीत कमीच. धावणारा मासा आहे. म्हणून मधला भाग पूर्ण मोकळा ठेवा, झाडं मागे आणि कडेला. आणि झाकण किंवा जाळी हवीच, उडी मारतो.

पाणथळ | ७ मार्च, सकाळी ७:५०

रेरिओ, पटलं. मी हार्लेक्विन रासबोरा सुचवणार होतो, पण ह्या पाण्याला झेब्राच योग्य. ज्यांच्याकडे धरणाचं मऊ पाणी येतं, म्हणजे मुंबई-ठाणेकर आणि पुण्यातला बराच भाग, त्यांनी रासबोरा किंवा एम्बर टेट्रा अवश्य बघावेत. कुर्ल्याच्या मासेबाजारात दोन्ही मिळतात. फक्त पावसाळ्यात गढूळ पाणी येतं तेव्हा क्लोरीनचा डोस वाढतो. नळाचं पाणी थेट टाकीत घालू नका. क्लोरीन असेल तर बादलीत एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे काढणारा दगड) लावून रात्रभर ठेवलं की उडतो. क्लोरामिन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर उडत नाही, त्याला औषधच लागतं.

ओवीची_आई | ७ मार्च, रात्री १०:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज प्रतिसाद ओवीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे त्याला मित्रच नाहीत." त्यानंतर फिल्टरमागे बघत बराच वेळ बसली होती.

एंजल, विडो आणि सकर सोसायटीतल्या एका काकांना दिले, त्यांची पाच फुटी टाकी आहे. त्यांच्याच जुन्या फिल्टरमधला अर्धा स्पंज, त्यात जिवाणू आधीच असतात म्हणून, ओल्या पिशवीत आणला आणि लगेच आमच्या टाकीत ठेवला. झेब्रा एकटाच ठेवलाय. रंगीत खडे काढून बारीक वाळू घातली. एअर पंप, स्पंज फिल्टर, टेस्ट किट आणलं. सासूबाई म्हणाल्या आवाजाचं काही नाही, रात्री चालू राहू दे.

पाणथळ | ७ मार्च, रात्री ११:००

फार छान केलंत. त्याला रोज चिमटीपेक्षाही कमी खायला. दर दोन दिवसांनी तपासणी, आणि अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं की पाव टाकी पाणी बदला. स्पंज पिळायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच, नळाखाली नाही.

ओवीची_आई | २ एप्रिल, रात्री ९:२०

उशीर झाला, पण लिहिण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात अमोनिया ०.२५, तिसऱ्यात नायट्राइट ०.५, दोन्ही वेळा पाणी बदललं. गेले नऊ दिवस दोन्ही शून्य आणि नायट्रेट १०. ब्राह्मीला नवे फुटवे आलेत. ओवी वहीत तारखेनुसार आकडे लिहिते आणि टेस्ट ट्यूबचे रंग खडूने काढते.

मासे आणू का?

पाणथळ | २ एप्रिल, रात्री ९:४५

आणा. पण एकदम अकरा नको. आधी सहा, दहा दिवसांनी पाच, म्हणजे जिवाणूंना वाढायला वेळ मिळेल. दोन्ही खेपा शक्यतो एकाच दुकानातून. पिशवी वीस मिनिटं तरंगू द्या, मग दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी पिशवीत, असं अर्धा-पाऊण तास. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, मासे जाळीने सोडा. त्या रात्री दिवा लावू नका आणि खायला घालू नका.

वऱ्हाडी_माणूस | ३ एप्रिल, सकाळी ८:००

अन् जाळी विसरू नका!

ओवीची_आई | १८ एप्रिल, रात्री १०:३०

काल दुसरी खेप आली. पहिले सहा आले तेव्हा तासभर सगळे तळाशी होते. आमचा जुना फिल्टरमागेच. रात्री दिवे मालवले आणि सकाळी साडेसहाला ओवीने मला उठवलं. ह्या वेळी ती स्वतः आधी बघून आली होती. सातही मासे टाकीच्या मधोमध होते आणि त्यातला आमचा कुठला ते आम्हाला ओळखता येत नव्हतं.

आता बारा आहेत. मी काचेपाशी गेले की सगळे एकदम वळतात. सासूबाई संध्याकाळचा दिवा लावून झाला की पाच मिनिटं खुर्ची तिथे ओढून बसतात.

एक शंका. सकाळी अंधारात पाहिलं तर पट्टे एकदम फिके दिसतात, थोड्या वेळाने गडद होतात. आजार तर नाही ना?

रेरिओ | १८ एप्रिल, रात्री ११:०५

नाही. बरेच छोटे मासे रात्री रंग उतरवतात, निऑन तर अगदी फिका पडतो आणि नवशिके घाबरतात. उजेड झाल्यावर अर्ध्या तासात रंग आला नाही तर काळजी करा.

रानफूल | १९ एप्रिल, दुपारी २:१५

माळ्यावरची टाकी खाली काढली. आधी स्पंज मागायला शेजारी जाणार आहे.

ओवीची_आई | २४ मे, सकाळी ७:१०

उन्हाळा चालू आहे, पाणी ३० च्या वर गेलं नाही, पंखा चालू आहे. बारापैकी बारा आहेत.

आज पहाटे दोन मासे एकाचा पाठलाग करत ब्राह्मीत शिरत होते. तो तिसरा पोटाने गोल आहे. नंतर वाळूवर मोहरीपेक्षाही बारीक, काचेसारखे थेंब दिसले आणि बाकीचे मासे ते टिपत होते. अंडी आहेत का? ओवीला काही वाचवायची आहेत.

रेरिओ | २४ मे, सकाळी ७:३५

अंडीच! झेब्रा पहिल्या उजेडाला अंडी घालतो आणि लगेच खातोही. आज असतील ती नळीने ओढून एका पसरट भांड्यात, टाकीच्याच पाण्यात घ्या. पांढरी पडतील ती रोज काढून टाका, बाकीची बुरशी धरतात. दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतील आणि काचेला चिकटून राहतील, तेव्हा खायला घालू नका, पोटाशी पिवळा बलक असतो. पाचव्या दिवसाच्या सुमाराला पोहायला लागली की जावा मॉसची एक जुडी भांड्यात ठेवा, तिच्यावरचे सूक्ष्मजीव त्यांना पुरतात. जोडीला उकडलेल्या अंड्याचा बलक सुईच्या टोकावर मावेल इतकाच, पाण्यात विरघळवून, आणि दोन तासांनी उरलेलं काढून टाकायचं.

पुढच्या वेळी आदल्या रात्री वाळूवर एका थरात काचेच्या गोट्या पसरून ठेवा. अंडी फटींत पडतात आणि माशांची तोंडं तिथे पोचत नाहीत.

आज दुपारी भिंगातून बघितलंत तर अंड्याच्या आत कडेला वाढणारा गर्भ दिसेल. उद्या सकाळी शेपटीची हालचाल दिसेल.

ओवीची_आई | २४ मे, सकाळी ८:००

चौदा मिळाली. भिंग शोधतो आहोत. गोट्या शेजारच्या मुलांकडून उसन्या आणायला ओवी खाली पळाली आहे.